वामनरावांचं भिंग आणि अकोल्याचं ऊन

"अकोल्याच्या उन्हाचा आजवर कोणी शास्त्रशुद्ध उपयोग केलेला नाही. तो मी करून दाखवतो!"

प्राध्यापक कमलाकांत बारलिंगे यांनी ही घोषणा केली, तेव्हा ते अकोल्याला सासुरवाडीच्या बैठकीत कूलरसमोर बसून पन्ह्याचा तिसरा पेला रिचवत होते. बाहेर मे महिना नुसता पेटला होता. त्यांची बायको रमा हिनं शेवया मोडता मोडता फक्त वर पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला एक गोष्ट पक्की कळली होती. नवऱ्याच्या तोंडी 'शास्त्रशुद्ध' हा शब्द आला, की घरातली एखादी धडधाकट वस्तू जायची!

कमलाकांतराव अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. उरलेल्या वेळात गावोगाव जाऊन अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं ठोकत. आणि त्यातूनही उरलेला वेळ, पगार आणि घरातली जागा ते जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या भिंगांवर उधळत. हे कॅमेरे मोठे तऱ्हेवाईक. बघायची खिडकी वेगळी आणि फोटो काढणारं भिंग वेगळं. खिडकीतून बघितलं की एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. कडी फिरवत फिरवत त्या एकमेकींवर बसवायच्या. बसल्या, की नेम जुळला. आता खिडकी वेगळी असल्यामुळे भिंगावर झाकण राहिलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसत राहतं. त्यामुळेच धारणीच्या जंगलात कमलाकांतरावांना अगदी समोर वाघ दिसला, त्यांनी न घाबरता त्याचे आठ फोटो काढले, आणि आठही फोटोंत काळोख आला. "अमावस्येचा वाघ," असं रमा पाहुण्यांना सांगत असे.

घरात भिंगं कोरडी राहावीत म्हणून ते ती तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवत. एकदा मसालेभाताच्या घाईत एक भिंग कुकरमध्ये जाता जाता राहिलं, तेव्हापासून रमा तांदूळ चाळून घेते.

अकोल्याला ते आले होते जुईलीच्या लग्नासाठी. जुईली ही सत्यवतीआत्यांची नात. रमाला लहानपणापासून या आत्यांनीच वाढवलेलं, म्हणून ही सासुरवाडी आणि कमलाकांतराव इथले जावई. पण त्यांचा जीव अडकला होता तो लग्नात नव्हे, आत्यांच्या कपाटात. तिथं एका लोकरी मोज्यात आत्यांचे यजमान, कैलासवासी वामनराव, यांचं भिंग होतं. कॅमेरा कधीच कुणीतरी नेला होता. उरलं होतं ते पितळी अंगाचं, मुठीत मावणारं, वजनदार जर्मन भिंग.

त्या भिंगातून काढलेला एक फोटो बैठकीच्या भिंतीवर होता. कौंडण्यपूरच्या जत्रेत, वर्धा नदीच्या काठावर, वीस-बावीस वर्षांच्या सत्यवतीबाई कशालातरी खळखळून हसताहेत. मागची गर्दी विरघळून गेलीय आणि उजेड नुसता त्यांच्या गालावर येऊन थांबलाय. कमलाकांतराव दर खेपेला त्या फोटोसमोर उभे राहत आणि त्यांचा आवाज आपोआप खाली येई. "काय काच आहे हो! काय काच आहे!"

यंदा आत्या म्हणाल्या, "कमलाकांतराव, घेऊन जा नं मग. इथं मोज्यात पडून काय करून राह्यलं ते? पण लगन पार पडू द्या. अन् त्याच्यातून माहा एक फोटो काढा पह्यले. मंग तुमचं."

जावयाला अंबारीत बसवलं असतं तरी एवढा आनंद झाला नसता! एकच खोट होती. वर्षानुवर्षं अंधारात राहून काच चहासारखी पिवळी पडली होती. त्या काळच्या काही भिंगांच्या काचेतच असं काही मूलद्रव्य असे, की ती अंधारात पिवळी पडे. पण कमलाकांतरावांना उपाय माहीत होता. कडक ऊन! रोज दुपारभर ठेवायचं, की पिवळेपणा उडतो. आणि उन्हाचं म्हणाल, तर अकोल्याला ते घरोघरी नळानं येतं.

गच्चीवर आधीच वाळवणाचा पसारा होता. जुईलीच्या रुखवतासाठी शेजारच्या माणिकबाईंच्या देखरेखीखाली कुरडया पडत होत्या. माणिकबाई म्हणजे पाच एकर काळ्या मातीची मालकीण आणि कुरडयांच्या बाबतीत अख्ख्या गल्लीचं हायकोर्ट. वामनरावांची जुनी धोतरं अंथरून त्यावर पांढऱ्या, गुलाबी, हिरव्या कुरडयांच्या रांगा लागल्या होत्या. कमलाकांतरावांनी स्वयंपाकघरातून पापड भाजायची, दोन बोटं उंच पायांची लोखंडी जाळी आणली. ती पाण्याच्या टाकीजवळ मोकळ्या फरशीवर ठेवली आणि जाळीवर भिंग.

"माणिकबाई, याला कोणी हात लावायचा नाही. जाळी कशाला, तर खालून हवा खेळती राहावी. शास्त्र आहे."

"मी कायले हात लावतो, जवाईबापू? मले का काम नाई?"

जावईबापू खाली आले, जेवले आणि कूलरसमोर आडवे झाले.

संध्याकाळी माणिकबाईंनी कुरडया गोळा करून धोतर झटकलं आणि जागच्या जागी थिजल्या. धोतराच्या कोपऱ्यात बोटभर लांबीची, जळकी, तपकिरी रेघ! जवळ चूल नाही, विडी नाही, माणूस नाही.

"अवं माय! सत्यवतीबाई, पाहा बरं हे!"

आत्यांनी पाहिलं. रमानं पाहिलं. कमलाकांतरावांनी चष्मा लावून पाहिलं आणि निकाल दिला, "इस्त्रीचा डाग."

"त्या धोतराले पंधरा वर्षांत इस्त्री माहीत नाई," आत्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुसरी रेघ उमटली. पहिलीच्या शेजारी, तेवढीच लांब, तशीच किंचित वाकडी. मध्ये दोन ठिकाणी तुटलेली, जणू कुणी लिहिता लिहिता दम खाल्ला. आता मात्र माणिकबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"लगनघरात आपोआप कपडे जळून राह्यले! हे दुसरं काई नाई, बाप्पा. भानामती होय!"

तो शब्द ऐकताच कमलाकांतराव ताडकन उठले. याच विषयावर तर त्यांनी गावोगाव गळा सुकवला होता! त्यांनी बैठकीतच भाषण सुरू केलं.

"कपडे आपोआप जळत नसतात! प्रत्येक परिणामाला कारण असतं. प्रत्येक भानामतीमागे एक माणूस असतो, आणि तो बहुधा घरातलाच असतो. साळसूद चेहऱ्यानं आपल्यातच वावरत असतो! मी त्याला पकडून तुमच्यासमोर उभा करतो. नाही केला, तर कमलाकांत बारलिंगे नाव लावणार नाही!"

"अन् पकडल्यावर?" आत्यांनी विचारलं.

"सगळ्यांसमोर कान धरून माफी मागायला लावायची!"

रमा म्हणाली, "अहो, उगाच शब्द देऊ नका." पण देऊन झाला होता.

शब्द देण्याला घाईही तशीच होती. जुईलीच्या होणाऱ्या सासूबाई, पातूरच्या गोदाबाई, दुसऱ्याच दिवशी रुखवत बघायला येणार होत्या. त्यांच्या कानावर 'भानामती' गेलं, तर रुखवत राहील बाजूला आणि सोयरीकच डळमळेल, ही आत्यांची धास्ती. त्यांनी एकच वाक्य टाकलं. "हे निस्तरल्याबिगर मले काईच सुचणार नाई, कमलाकांतराव. फोटो नाई, भिंग नाई, काईच नाई."

म्हणजे आता गोष्ट भिंगावर आली होती! कमलाकांतरावांनी बाह्या सरसावल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते डोक्याला ओला पंचा गुंडाळून टाकीमागे दबा धरून बसले. गळ्यात त्यांचा रेंजफाइंडर, त्यावर अमरावतीहून आणलेलं एक भिंग. गुन्हेगाराचा फोटोच काढायचा, म्हणजे पुढे तोंड उघडायला जागा नको. फरशी अशी तापली होती, की चपलेतून चटके बसत होते. समोर धोतरावर जुईलीनं दोन दिवस खपून मांडलेला रंगीत कुरडयांचा मोर वाळत होता. हा मोर म्हणजे रुखवताचा मुकुटमणी. बाजूला पातेल्यात सकाळचा उरलेला कुरडयांचा चीक झाकून ठेवलेला.

जिन्यात पावलं वाजली. कमलाकांतरावांनी मान आत घेतली.

माणिकबाई आल्या. हातात दोऱ्यात ओवलेलं लिंबू-मिरची. भानामतीला भीत भीत, रामनाम घेत, त्यांनी ते कठड्याच्या खिळ्याला बांधलं. मग टाकीजवळच्या जाळीकडे बघून थांबल्या. टाकीची सावली सरकत सरकत जाळीवर येत होती.

"जवाईबापूच्या काचेले सावली येऊन राह्यली नं माय," असं पुटपुटत त्यांनी दोन्ही हातांनी जाळी अलगद उचलली. भिंगासकट नेली आणि धोतराच्या कोपऱ्यावर ठेवली, मोराच्या पिसाऱ्याला लागूनच. तिथं ऊन रखरखीत होतं, आणि झळांच्या वाऱ्यानं धोतरही उडायचं नाही. एका दगडात दोन कामं! कमलाकांतरावांनी सवयीनं कॅमेरा डोळ्याला लावला, दोन प्रतिमा जुळवल्या आणि खटका दाबला. माणिकबाई आल्या तशा रामनाम घेत खाली गेल्या.

'भली बाई,' कमलाकांतरावांना वाटलं. 'सांगितलं नसताना काळजी घेते. हात लावू नको म्हटलं होतं खरं, पण भावना चांगली. संध्याकाळी परत जागेवर ठेवत असणार, म्हणजे मला कळू नये...'

आणि जाळीखालून धुराचा एक बारीक धागा वर आला.

कमलाकांतराव रांगत पुढे गेले. धोतराला नाक लागेल इतकं वाकून त्यांनी जाळीखाली पाहिलं. आयुष्यभर खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवत आलेल्या त्या माणसाच्या डोक्यात तेव्हा आणखी दोन प्रतिमा हळूहळू सरकल्या आणि एकमेकींवर बसल्या. एक भिंगाची. एक जळक्या रेघेची.

दर वर्षी जूनमध्ये ते वर्गात बहिर्वक्र भिंग उन्हात धरून कागद जाळून दाखवत. पोरं टाळ्या वाजवत.

पण लाज वाटायलाही त्यांना सवड मिळाली नाही, कारण समोर जे दिसत होतं त्यावरून नजर हलेना. धोतरावर सूर्य उतरला होता! खसखशीच्या दाण्याहून लहान, पण अख्खा, गोल, जिवंत. तो मुंगीहूनही हळू चालत होता आणि चालेल तिथं तपकिरी रेघ मागे सोडत होता. काल रेघ तुटली होती, ती दोन चुकार ढग आले म्हणून! आणि सूर्य कुठं चालतो? हे तर ते दर वर्षी ओरडून सांगत. फिरते ती पृथ्वी. म्हणजे ही रेघ पृथ्वीनं ओढली होती. अमरावती, अकोला, पातूर, कूलर, कुरडया, सगळ्यांना पाठीवर घेऊन अख्खी पृथ्वी मुकाट फिरत होती, आणि त्याची खूण वामनरावांच्या भिंगातून वामनरावांच्याच धोतरावर उमटत होती. तीस वर्षं त्यांनी हे शिकवलं होतं. पाहिलं मात्र आज पहिल्यांदा. त्यांचे डोळे भरून आले.

डोळे भरून आले ते धुरानंही असेल, कारण तेवढ्यात धोतरानं पेट घेतला.

वाऱ्याची झळ आली आणि ज्योत तुरुतुरु मोराच्या पिसाऱ्याकडे निघाली. "आग! आग लागली वं माय!" कमलाकांतराव ओरडले. एरवी ते शुद्ध बोलत, पण घाबरले की त्यांची अस्सल वऱ्हाडी बाहेर पडे. पाणी टाकीत होतं आणि टाकीचा नळ खालच्या मजल्यावर. हाताला लागलं ते चिकाचं पातेलं. त्यांनी आधी भिंग उचलून छातीशी धरलं, आणि मगच ते अख्खं पातेलं मोरावर उपडं केलं.

आग विझली. मोरही विझला.

जिन्यातून माणसं वर आली. आधी जुईली. तिनं मोराकडे पाहिलं आणि तोंडावर हात घेतला. मग रमा, मग माणिकबाई, मग धापा टाकत आत्या. आणि सगळ्यांच्या मागून नव्या कोऱ्या साडीत, रुखवत बघायला नेमक्या त्याच घटकेला पोचलेल्या पातूरच्या गोदाबाई!

"सापडला का?" आत्यांनी विचारलं. "कोण होय तो?"

कमलाकांतराव कोपरापर्यंत चिकानं माखून उभे होते. "मी," ते म्हणाले.

जावयाला काय बोलणार? त्यातून व्याह्यांकडची बाई समोर. आत्यांनी नुसता पदर सारखा केला.

"म्हणजे मी नाही, हे भिंग. म्हणजे भिंग माझंच... होणारं. माणिकबाईंनी ते इथं आणून ठेवलं. पुरावा आहे! मी फोटो काढलाय!" त्यांनी कॅमेरा पुढे केला.

रमा शांतपणे पुढे आली. कॅमेऱ्याच्या भिंगावरचं काळं झाकण तिनं दोन बोटांनी काढलं, सगळ्यांना दाखवलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"अमावस्येच्या माणिकबाई," ती म्हणाली.

"काचेनं कधी आग लागते का?" माणिकबाई उसळल्या. "चष्मा तं मीबी लावतो! माहे डोळे जळाले का आजलोक?"

"थांबा! दाखवतो! उदबत्ती आणा एक!"

उदबत्ती आली. कमलाकांतरावांनी एका हातात भिंग धरलं, दुसऱ्या हातात उदबत्ती. उजेडाचं वर्तुळ नाचलं, आकसलं, उदबत्तीच्या टोकावर येऊन बसलं आणि राईएवढा प्रखर ठिपका झाला. सगळ्या बायका पुढे झुकल्या. एक क्षण काहीच झालं नाही. मग टोक लाल झालं, धुराची लड सुटली आणि त्या रणरणत्या गच्चीवर चंदनाचा वास दरवळला. काडी नाही, पेटी नाही. आभाळातून विस्तव खाली आला होता!

जुईली मोर विसरून बघत राहिली. भाषण करायची इतकी नामी संधी, पण कमलाकांतरावांचेही डोळे त्या ठिणगीवरच खिळले.

आधी हात जोडले ते गोदाबाईंनी. "बाप्पा रे! साक्षात सूर्यनारायण!"

"नाही हो, हे अपवर्तन आहे," कमलाकांतराव भानावर आले. "आणि चूक माझीच आहे. मी शब्द दिला होता. मी कान धरून सगळ्यांची..."

"काई तरीच!" आत्यांनी त्यांचा कानाकडे निघालेला हात वरच्यावर पकडला. व्याह्यांसमोर जावई कान धरून उभा राहतो म्हणजे काय? त्यांनी आवाज चढवला आणि गोदाबाईंकडे वळून निर्वाळा दिला, "जावयाच्या हातून कधी वाईट होत असते का? सूर्यनारायणाले लगनाले यायचं होतं. रोज येऊन रेघ ओढून सांगून राह्यला होता, आपल्याले समजलं नाई. जवाईबापू शिकलेले, त्याइले समजलं."

"तरीच!" माणिकबाई म्हणाल्या. भिंग रोज आपण हलवलं, हा विषय यापुढे निघणार नाही, हे त्यांनी चटकन ओळखलं होतं. "तरीच ते मोज्यात राह्यना!"

"आत्याबाई, अहो ऐका तरी! प्रत्येक परिणामाला कारण..."

"कारण तेच सांगून राह्यली नं मी," आत्या म्हणाल्या, आणि त्यांनी कमलाकांतरावांच्या चिकट बोटांतून भिंग काढून घेतलं. पदरानं पुसलं. खरखरीत सुती पदरानं! कमलाकांतरावांनी डोळे मिटून घेतले.

लग्न थाटात झालं. गोदाबाईंनी पातूरभर सांगितलं, की सुनेच्या माहेरी देव स्वतः विस्तव घेऊन येतो. माणिकबाईंनी एका दिवसात नवा मोर पाडून दिला. वरात गेल्यावर कमलाकांतरावांनी हळूच विषय काढला.

"आत्याबाई, तुमचा फोटो काढायचा राहिला. आणि ते भिंग..."

आत्या त्यांना देवघरात घेऊन गेल्या. लहानशा पाटावर, वामनरावांच्या तसबिरीशेजारी भिंग उभं होतं. पुढच्या काचेवर, बरोबर मध्यभागी, कुंकवाचं ठसठशीत बोट!

"काचेवर कुंकू?" कमलाकांतराव कळवळले.

"मग का हवेत लावू?" आत्या हसल्या. फोटोतल्यासारख्याच. मग जरा थांबून म्हणाल्या, "यांनी मले याच्यातून पाह्यलं होतं, जत्रेत. मी त्याले इतके वर्षं मोज्यात कोंडून ठेवलं. आता रोज उन्हात नेतो, उदबत्ती लावतो. तुमाले देतो म्हटलं होतं मी. पण देवघरातलं कसं देऊ? तुमीच सांगा."

देवघरात त्याला बसवलं होतं कमलाकांतरावांनीच.

"रविवारी दुधानं आंघोळ घालतो त्याले," आत्यांनी माहिती पुरवली. कमलाकांतरावांनी भिंतीला हात टेकला.

तेव्हापासून अमरावतीचे प्राध्यापक बारलिंगे महिन्यातून एका रविवारी न चुकता अकोल्याला जातात. रोजच्या उन्हानं काच आता पाण्यासारखी नितळ झालीय. त्यांचा उपाय शंभर टक्के यशस्वी ठरला! ते देवघरात जातात, गुडघे टेकतात आणि पाटावर नाक लागेल इतके वाकून कितीतरी वेळ तसेच राहतात. आत्या दारातून बघतात आणि रमाला हळूच सांगतात, "तुह्या नवऱ्याच्या मनात भक्ती उतरली बरं." रमाला माहीत आहे, की ते काचेत बुरशी शिरली का एवढंच बघताहेत.

पण मागच्या रविवारी ती सहज डोकावली. खिडकीतून उजेड येत होता. भिंगातून गेलेला तो उजेड मागच्या पांढऱ्या भिंतीवर पडला होता, आणि तिथं नखाएवढी खिडकी उलटी उमटली होती. खिडकीत निंबाचं झाड उलटं लटकून हलत होतं. कमलाकांतराव ते बघत गुडघ्यांवर बसले होते, आणि त्यांचे हात चक्क जोडलेले होते!

"अहो," तिनं विचारलं, "काय मागताय?"

दचकून त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आत्या ऐकत नाहीत याची खात्री केली आणि कुजबुजत म्हणाले, "देवा, दूध आत झिरपू देऊ नको म्हटलं."